मत ऐकून मूळ ठरवताना

मुंबईकडून सुरतेला येणारा रेल्वेचा मुख्य मार्ग आणि जळगावहून येणारा ताप्ती खोऱ्याचा मार्ग उधना येथे एकत्र येतात. जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या गावांना सुरतेशी जोडणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. पुढे सुरतेत यंत्रमाग वाढले, पांडेसऱ्यात रंगाई-छपाईच्या मिल उभ्या राहिल्या आणि खानदेशातली हजारो कुटुंबे याच गाड्यांनी येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थिरावली. त्यांच्या शेजारी ओडिशाचे माग-कामगार आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर आहेत, तेलुगू बोलणारे विणकर आहेत, काठियावाडी आहेत आणि मूळचे सुरतीही आहेत. शहर किती मिसळलेले आहे याची खूण महापालिकेच्या प्राथमिक शाळांत दिसते. त्या गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात.

अशा वस्तीत माणसे एकमेकांना अंदाजानेच ओळखतात. आडनाव, बोलण्याची ढब, कपाळावरचे गंध, डब्यातली भाजी या सगळ्यांवरून समोरचा कुठला ते ताडले जाते. निवडणूक जवळ आली की या यादीत आणखी एक खूण येते, ती म्हणजे मत. कोणी परप्रांतीयांच्या बाजूने बोलला की तो यूपीचा असणार. कोणी आरक्षणाविरुद्ध बोलला की तो उच्चवर्णीय. कोणी सरकारवर टीका केली की त्याचा धर्म विचारला जातो, आणि कोणी सरकारची बाजू घेतली की जात. अमेरिकेत हाच अंदाज वंशाचा असतो, आपल्याकडे तो जात, धर्म, भाषा आणि प्रांत यांचा असतो. रीत मात्र एकच: आधी मत ऐकायचे, मग त्यावरून माणसाचे मूळ ठरवायचे आणि शेवटी त्या मुळाच्या आधारे मत निकालात काढायचे. "तू असं बोलणारच" हे वाक्य इथून येते.

हा अंदाज पूर्णपणे निराधार असतो असे म्हणता येणार नाही. जात आणि मतदान यांचा संबंध भारतात आहेच. पक्ष उमेदवार ठरवताना तोच हिशेब मांडतात. प्रश्न असा आहे की समूहाबद्दलच्या या माहितीवरून समोरच्या एका माणसाबद्दल कितपत काही सांगता येते. त्याचे उत्तर इतिहासातही सापडते आणि साध्या अंकगणितातही. इतिहासासाठी उधन्यापासून फार लांब जायची गरज नाही.

सुरतेचा जोडा

डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे (काँग्रेसचे) तेविसावे अधिवेशन सुरतेत भरले. ते खरे तर नागपूरला व्हायचे होते. नागपुरात टिळकांच्या अनुयायांचा जोर आहे, तिथे सभा आपल्या हातून जाईल, असे मवाळ पुढाऱ्यांना वाटले आणि स्थळ बदलले गेले. सुरत शांत, व्यापारी, फिरोजशहा मेहतांच्या प्रभावाखालचे शहर मानले जात होते. शिवाय ज्या प्रांतात अधिवेशन त्या प्रांतातला अध्यक्ष करायचा नाही, असा प्रघात होता. सुरत मुंबई इलाख्यात असल्याने टिळकांचे नाव आपोआप बाजूला पडत होते. गावावरून मत ओळखण्याचा हा राजकीय डाव होता: नागपूर म्हणजे जहाल, सुरत म्हणजे मवाळ.

डाव साधला नाही. अध्यक्षपदी डॉ. रासबिहारी घोष यांच्या निवडीवरून २६ डिसेंबरला गोंधळ होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा पुन्हा गदारोळ उठला आणि मंडपातून एक जोडा व्यासपीठावर येऊन पडला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तिथून फिरोजशहा मेहतांवर गेला. हेन्री नेव्हिन्सन हे इंग्रज पत्रकार तिथे हजर होते. पुढच्या वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या जोड्याचे चामडे, आकार आणि तळ यांचे वर्णन केले आणि तो मराठी जोडा असल्याची नोंद केली. जोडा मराठी म्हणजे फेकणारा मराठी, आणि मराठी म्हणजे जहाल, ही साखळी वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होते.

आता व्यासपीठावर आणि मंडपात कोण होते ते पाहू. जहालांचे पुढारी टिळक आणि मवाळांचे एक प्रमुख पुढारी गोपाळ कृष्ण गोखले. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले, दोघेही चित्पावन ब्राह्मण, दोघांचीही कर्मभूमी पुणे, दोघांनीही डेक्कन एज्युकेशन सोसायटीत काम केलेले. जात, भाषा, जिल्हा, कर्मभूमी यांपैकी कुठल्याही एका खुणेवरून या दोघांना वेगळे करता आले नसते. तरी सुरतेत ते समोरासमोर उभे होते. बंगालचेही तेच. अध्यक्ष रासबिहारी घोष मवाळ, तर जहालांच्या वेगळ्या बैठकीचे अध्यक्ष अरविंद घोष. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि नागपूरचे डॉ. मुंजे टिळकांबरोबर होते. पण त्याच नागपुरात गंगाधरराव चिटणवीसांसारखे मवाळ पुढारीही होते. एकाच समाजातून दोन्ही मते निघत होती आणि एकेका मतामागे अनेक समाज उभे होते. राष्ट्रीय सभा दुभंगली ती मतावरून. तिच्या दोन तुकड्यांत प्रांतही दुभंगले आणि जातीही.

ब्रिटिश सरकारच्या नजरेला मात्र हे दिसत नव्हते. १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँड या इंग्रज अधिकाऱ्याची हत्या केल्यापासून असंतोष म्हणजे पुण्याच्या ब्राह्मणांचे कारस्थान, हे समीकरण इंग्रजी लेखनात पक्के झाले होते. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात भारतीय असंतोषाचे जनकत्व टिळकांना दिले आणि चित्पावनांवर रोख ठेवला. त्यावर टिळकांनी लंडनमध्ये भरलेला बदनामीचा खटला १९१९ मध्ये ते हरले. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही मुंबई इलाख्यातल्या कटांची चर्चा करताना चित्पावनांचा ठळक उल्लेख आहे. समीकरण खरे असते तर त्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोखले कुठे बसवायचे? गोखले तर व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात सरकारशी सनदशीर मार्गाने झगडत होते आणि १९१२ मध्ये सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या शाही आयोगाचे सदस्य झाले. कट करणारे काही जण चित्पावन होते, इतके खरे. त्यावरून चित्पावन म्हणजे कट करणारा असा निष्कर्ष काढणे हीच ती चूक.

सही झाकून वाचले तर

मतावरून जात ओळखण्याची कसोटी घ्यायची तर एक उत्तम मजकूर मराठीतच आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या मुंबईच्या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रे येऊ लागली. पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. ब्राह्मणांचे अज्ञान, पोथीनिष्ठा, भिक्षुकी, स्त्रियांवरचे अन्याय यांवर त्यांत इतकी कडक टीका आहे की आजच्या एखाद्या वाचकाला लेखकाचे नाव न सांगता ती वाचायला दिली आणि लेखकाची जात विचारली तर तो बहुधा ब्राह्मणेतर असे सांगेल. लेखक होते गोपाळ हरी देशमुख, चित्पावन ब्राह्मण. पुढे ते न्यायखात्यात होते आणि अहमदाबादला असताना गुजराती समाजाच्या सुधारणेतही त्यांनी भाग घेतला.

दुसरे उदाहरण महाडचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाचा ठराव मांडण्यात पुढे होते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. त्याच लढ्यातले अनंतराव चित्रे आणि महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस कायस्थ प्रभू. उलट बाजूने पाहायचे तर १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतल्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांचा पराभव काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी केला, आणि काजरोळकरही दलित होते. राखीव मतदारसंघ हा या प्रश्नाचा चांगला पुरावा आहे: तिथले सगळे उमेदवार कायद्यानेच एका प्रवर्गातले असतात, तरी त्यांचे पक्ष, जाहीरनामे आणि मते वेगवेगळी असतात.

तिसरे उदाहरण गुजरात आणि महाराष्ट्र या दोघांचे मिळून आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईचे मोठे द्वैभाषिक राज्य झाले. ‘द्वैभाषिक मोडा’ ही मागणी पुणे-मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समिती करत होती आणि अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक यांची महागुजरात जनता परिषद करत होती. मुंबई कोणाकडे जाणार यावर मराठी आणि गुजराती पुढारी एकमेकांविरुद्ध होते, पण राज्य मोडावे यावर या दोन्ही संघटनांचे एकमत होते. त्याच वेळी त्या द्वैभाषिकाचे मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाण या मराठी नेत्याकडे होते. १९५८ मध्ये ‘हे राज्य मोडले पाहिजे’ असे म्हणणारा माणूस मराठी की गुजराती? आणि ‘टिकले पाहिजे’ म्हणणारा? नुसत्या वाक्यावरून कोणालाही सांगता आले नसते. १ मे १९६० रोजी राज्य मोडले. डांग गुजरातेत गेले, सुरत तर होतेच.

हिशेब कुठे चुकतो

आता अंकगणित. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, कुठल्याही खऱ्या वॉर्डाचे नाहीत. समजा, एका वस्तीत १,००० मतदार आहेत. त्यांतले २०० मराठी आणि ८०० इतर. एका विशिष्ट मताला मराठी लोकांत बराच पाठिंबा आहे, शंभरात ६० जणांचा. इतरांत तो निम्माच आहे, शंभरात ३०. म्हणजे हे मत मराठी लोकांत दुपटीने जास्त चालते. साहजिकच लोक त्याला ‘मराठी लोकांचे मत’ म्हणतील.

आता हे मत असलेली माणसे मोजू. मराठींपैकी १२०, इतरांपैकी २४०, एकूण ३६०. रस्त्यात कोणी हे मत बोलून दाखवले आणि आपण ‘हा मराठी’ असे म्हटले तर तीनांत दोन वेळा आपण चुकू. ‘मराठी माणसाचे हे मत असण्याची शक्यता’ आणि ‘हे मत असलेला माणूस मराठी असण्याची शक्यता’ ही दोन वेगळी गणिते आहेत. पहिले ६० टक्के आहे, दुसरे ३३ टक्के. पहिल्यावरून दुसरे काढायचे तर समूह किती मोठा आहे हेही हिशेबात धरावे लागते. थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखला जाणारा नियम नेमके हेच सांगतो. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

माणसे हा हिशेब का विसरतात, याचा अभ्यास डॅनियल काहनेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी केला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांना काही व्यक्तींची छोटी वर्णने दिली आणि प्रत्येक जण अभियंता असेल की वकील ते विचारले. एका गटाला सांगितले होते की वर्णने ३० अभियंते आणि ७० वकील यांच्या समूहातून घेतली आहेत. दुसऱ्या गटाला उलट प्रमाण सांगितले होते. उत्तरे बदलायला हवी होती, पण दोन्ही गटांची उत्तरे जवळपास सारखीच आली. वर्णन ‘अभियंत्यासारखे’ वाटले की लोक प्रमाण विसरत होते. मत हे असेच एक छोटे वर्णन आहे. ते ‘अमक्यासारखे’ वाटले की आपण वस्तीत अमके किती आहेत हा प्रश्नच विचारत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेब बिघडवते. प्रतिपक्षात कोण आहे याबद्दलची आपली कल्पनाच फुगलेली असते. डग्लस अ‍ॅलर आणि गौरव सूद या अभ्यासकांनी अमेरिकेत लोकांना विचारले की डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांच्या समर्थकांत कोण किती आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, डेमोक्रॅट समर्थकांत कृष्णवर्णीय सुमारे ४२ टक्के असतील असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्ष प्रमाण सुमारे २४ टक्के होते. समलिंगी आणि तत्सम समूहांचे प्रमाण लोकांनी ३२ टक्के धरले होते, प्रत्यक्षात ते ६ टक्के होते. रिपब्लिकन समर्थकांत वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त मिळवणारे ३८ टक्के असतील असे लोकांना वाटत होते, प्रत्यक्षात होते सुमारे २ टक्के. पक्षाचे नाव घेतले की त्या पक्षाशी जोडलेली ठसठशीत प्रतिमा डोळ्यांपुढे येते आणि बाकीची साधी माणसे दिसेनाशी होतात.

त्याच देशात मे २०२० मध्ये जो बायडेन यांनी एका रेडिओ मुलाखतीत असे सुचवले की आपल्यात आणि ट्रम्प यांच्यात निवड करणे ज्याला जड जाते तो कृष्णवर्णीयच नव्हे. टीका झाल्यावर त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. मतावरून वंश ठरवणे पुरेसे लांब नेले की त्याचा शेवट इथे होतो. एखाद्या माणसाचे मत अपेक्षेप्रमाणे नसेल तर त्याचे मूळच नाकारले जाते. आपल्याकडे ‘हा खरा मराठी नव्हे’, ‘हा नावाचाच अमुक’ असे म्हणणारे याच वाटेने जातात.

बूथचा आकडा आणि माणूस

मतावरून समाज ओळखण्याला आपल्याकडे एक आकडेबाज आधार दिला जातो: बूथवार निकाल. मतदान गुप्त असते, पण प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते निवडणुकीनंतर फॉर्म २० मध्ये कळते. मग अमक्या शाळेतल्या केंद्रावर तमका पक्ष चालला, तिथे अमका समाज राहतो, म्हणजे त्या समाजाने त्या पक्षाला मत दिले, असे सांगितले जाते.

या पद्धतीतला धोका अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिला. त्यांनी १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, त्या राज्यांत साक्षरताही जास्त होती. यावरून परदेशी जन्मलेले जास्त साक्षर असे कोणी म्हटले असते. पण एकेका व्यक्तीचे आकडे पाहिले तेव्हा उलटेच निघाले: परदेशी जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्त होती. कारण असे की स्थलांतरित जिथे गेले त्या राज्यांतले मूळचे लोक अधिक साक्षर होते. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती चालून जाते, कारण पातेले एकच आणि तांदूळ एकच. भातावरून शिताची परीक्षा मात्र तेव्हाच चालते जेव्हा सगळी शिते सारखी असतात. उधन्याच्या एका बूथमध्ये खानदेशी, ओडिया, बिहारी आणि सुरती एकाच रांगेत उभे असतात.

या आकड्यांचा उपयोग केवळ अंदाज बांधण्यापुरता राहत नाही. ज्या वस्तीने मत दिले नाही तिचे नळ आणि गटार मागे पडतात, अशी भीती मतदारांत असते. म्हणून कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीपूर्वी मतपत्रिका मिसळण्याची तरतूद नियमांत केली गेली होती. मतदान यंत्रे आल्यावर बूथचे आकडे पुन्हा उघड झाले. त्यावर १४ यंत्रांची मते एकत्र करून मोजणारा ‘टोटलायझर’ वापरावा असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले आणि कायदा आयोगाने २०१५ मधल्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तो अजून वापरात आलेला नाही.

सुरतेची गेली काही वर्षे

मत हे समाजाचे लेबल असते तर समाज तसाच असताना मत बदलले नसते. सुरतेचा अलीकडचा इतिहास उलट साक्ष देतो. २०१५ मध्ये पाटीदार आरक्षण आंदोलन पेटले आणि वराछा हा त्याचा एक बालेकिल्ला झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कराविरुद्ध कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून मोठे मोर्चे काढले. ‘पाटीदार म्हणजे भाजपविरोधी, कापड व्यापारी म्हणजे नाराज’ असा हिशेब अनेकांनी मांडला. त्याच वर्षी डिसेंबरच्या विधानसभा निवडणुकीत भाजपने सुरत जिल्ह्यातल्या १६ पैकी १५ जागा जिंकल्या. मग हिशेब उलटा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महापालिकेच्या १२० जागांपैकी आम आदमी पक्षाला २७ मिळाल्या, त्याही प्रामुख्याने पाटीदार वस्त्यांतून, आणि काँग्रेसला एकही नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याच भागांतून विधानसभेला ‘आप’चे गोपाल इटालिया आणि अल्पेश कथिरिया हरले. पाच वर्षांत तीन निवडणुका, माणसे तीच, आडनावे तीच, निकाल वेगळे. प्रश्न कोणता आहे, निवडणूक कोणत्या स्तराची आहे आणि उमेदवार कोण आहे, यांवर मत हलते. जात मात्र हलत नाही.

खुद्द उधन्याचा लोकसभा मतदारसंघ नवसारी. तिथून २००९ पासून निवडून येणारे चंद्रकांत रघुनाथ पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले मराठी भाषिक. जुलै २०२० मध्ये ते भाजपचे गुजरात प्रदेशाध्यक्ष झाले आणि जून २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री. २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य सुमारे ६ लाख ८९ हजार होते आणि २०२४ मध्ये ७ लाख ७३ हजारांहून अधिक. याच मतदारसंघातल्या लिंबायतमधून संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये आमदार झाल्या. ‘मराठी मतदार मराठी उमेदवाराला मत देतो’ हे अंशतः खरे असेलही, पण सात लाखांचे मताधिक्य एका भाषेच्या मतांवर उभे राहत नाही. नवसारी मतदारसंघात जलालपोर आणि गणदेवीही येतात. तिथल्या गुजराती मतदारांनीही तेच बटण दाबले. तेव्हा ‘मी पाटलांना मत दिले’ हे वाक्य ऐकून बोलणाऱ्याची मातृभाषा सांगता येणार नाही.

मुळात ‘मराठी’ हा गट तरी किती पक्का? उधन्यातली अनेक कुटुंबे घरी अहिराणी बोलतात, मुलांशी गुजराती किंवा हिंदी आणि पत्रव्यवहार मराठीत करतात. जनगणनेत अहिराणी ही खानदेशी या स्वतंत्र भाषेखाली मोजली जाते, मराठीखाली नव्हे. जळगाव जिल्ह्यातल्या लेवा पाटीदारांत आपले पूर्वज गुजरातेतून आल्याची परंपरा सांगितली जाते. ज्या मुळाशी मत जोडायचे ते मूळच असे अनेक पदरी आहे.

मत येते कुठून

मग मत आणि समूह यांचा जो संबंध दिसतो तो कुठून येतो? बहुतेक वेळा अनुभवातून. छठपूजेच्या आधी उधन्याहून बिहारकडे जादा गाड्या सोडाव्यात, ही मागणी बिहारी मजुराची असणार असे वाटते. पण मजूर वेळेवर जाऊन वेळेवर परतला नाही तर माग बंद राहतात, म्हणून मागमालकालाही ती पटू शकते, मग तो सुरती असो वा काठियावाडी. परराज्यातले रेशनकार्ड इथे चालत नव्हते तेव्हा ते चालावे, ही मागणी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणाचीही असू शकत होती, मग तो ओडिया असो की खानदेशी. एका समूहातले बरेच लोक एकाच परिस्थितीत राहतात, म्हणून त्यांची मते जुळतात. परिस्थिती बदलली की मत बदलते. तिसऱ्या पिढीत खोली भाड्याने देणारा खानदेशी आणि काल गाडीतून उतरलेला खानदेशी भाड्याच्या कायद्याबद्दल एकच बोलतील अशी अपेक्षा करू नये.

मतावरून मूळ ठरवण्याचे नुकसान दोन बाजूंनी होते. ज्याच्याबद्दल अंदाज बांधला तो चुकीच्या खात्यात जातो आणि खोली, काम किंवा उधारी मिळवताना त्याची किंमत मोजतो. ज्याने अंदाज बांधला त्याचेही नुकसान होते, कारण समोरच्याने दिलेले कारण तो ऐकतच नाही. कारणाला उत्तर द्यायचे असते, मुळाला उत्तर देता येत नाही. लोकहितवादींची टीका खोडून काढायची तर ती चूक कशी ते दाखवावे लागते. ते चित्पावन होते की नव्हते याने टीकेचा खरेखोटेपणा बदलत नाही. गोखले आणि टिळक यांच्यातला वादही त्यांच्या जातीच्या दाखल्यावरून कधीच सुटला नसता.

पुढच्या निवडणुकीत उधन्याच्या चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या दारात किंवा घरातल्या मोबाइलवर कोणाचे मत खटकले तर दोन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला स्वतःला: या वस्तीत अमके किती आहेत आणि हे मत असलेले इतर किती असतील? दुसरा समोरच्याला: असे का वाटते? पहिल्याने अंदाजाची हवा बरीच कमी होते. दुसऱ्याचे उत्तर ऐकल्यावर बहुधा तिसरा, ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. तो विचारायचाच असेल तर ओळख वाढवण्यासाठी जरूर विचारावा, वाद जिंकण्यासाठी विचारू नये.